थिबा राजवाड्यासाठी तासभर

उंब्रजहून मल्हारपेठ, पाटण करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढं रत्नागिरी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या गणपतीपुळ्याचं दर्शन आणि माशाचं ताट उरकून माघारी फिरतात. शहर काचेतूनच पाहिलं जातं. १८८५ मध्ये राज्य गमावलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी अखेर इथंच आणून ठेवलं. त्याचा राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा वारला. तांबडा जांभा, उतरती कौलं, जवळच खाडी. कैद देखणी, पण कैदच! टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये सर्व जातींसाठी उभारलेलं पतितपावन मंदिरही त्याच दिवसात पाहून होतं. तेव्हा पुढच्या खेपेला मासे जरा उशिरा खा, राजवाडा आधी बघा.