कच्चा डाख आणि पक्के आकडे

आमच्या लहानपणी वर्षातून दोन-तीनदा दारावर कल्हईवाला येई. भाता, निखारे, नवसागराचा डोळ्यांत पाणी आणणारा धूर आणि पातेल्यात चांदीसारखे पसरणारे कथील, हे दृश्य साठीपुढच्या वाचकांना आठवत असेल. नवसागर कशाला, असे विचारले की तो म्हणे, मळक्या भांड्याला कथील धरत नाही. आज देशाने ज्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगावर एवढी भिस्त ठेवली आहे, त्याचे मर्म या साध्या उत्तरात आहे.

मोबाइल, टीव्ही, विजेचा मीटर, कोणतीही वस्तू उघडा. आत एक पाटी दिसेल, सर्किट बोर्ड. त्यावर शेकडो सुटे भाग डाखाने जोडलेले असतात. त्यांतला मोक्याचा एक जोड कच्चा राहिला तरी अख्खी वस्तू बंद पडते.

सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये देशात सुमारे १८ हजार कोटी रुपयांचे मोबाइल तयार झाले. २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेपाच लाख कोटींच्या घरात गेला. सुटे भागही येथेच बनावेत म्हणून मार्च २०२५ मध्ये केंद्राने २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण उभी हयात बँकेत गेल्यामुळे आकडा दिसला की त्याच्या मागे काय आहे, हे पाहण्याची खोड मला लागली आहे.

ती खोड लावली एका लहान कारखान्याने. १९८८ साली मी लघुउद्योगांची कर्जे पाहत असे. आमचा एक कर्जदार टीव्हीच्या स्टॅबिलायझरची कार्डे बनवी. माणूस कष्टाळू, हप्ते वेळेवर. एका पावसाळ्यात त्याचा सगळा माल परत आला. कारखान्यात प्रत्येक कार्ड तपासून पास झाले होते; ट्रकचे धक्के खाल्ल्यावर निम्मी बंद पडली. दमट गोदामात सुट्या भागांचे पाय काळवंडले होते आणि डाख वरवर बसला होता. आमच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये मात्र तो 'तयार माल' म्हणून पूर्ण किमतीने दाखवलेला. कच्चा जोड आणि पक्का जोड, कागदावर दोघांची किंमत सारखीच!

तेव्हाचे काम तुलनेने सोपे होते. जुन्या डाखात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसे विषारी, म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून त्यावर निर्बंध आणले. आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांतून मर्यादा आली. शिशाऐवजी थोडी चांदी आणि तांबे घातलेला नवा डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो. निर्णय योग्यच होता. पण भट्टी अधिक तापवावी लागते, नाजूक भाग मात्र पूर्वीइतकेच नाजूक. चुकायला जागा उरली नाही.

येथे मोठमोठेही ठेचकाळले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' या खेळयंत्रात तापण्या-थंडावण्याने आतले जोड तडकत. २००७ मध्ये वाढीव हमीपोटी कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. तिला ते पेलले. आपल्या लघुउद्योजकाला एक परतलेला ट्रक पेलत नाही.

आणि त्याच्या अडचणी अगदी घरगुती असतात. डाखाची पेस्ट फ्रिजमध्ये ठेवतात. तो डबा बाहेर काढून लगेच उघडला तर, फ्रिजमधल्या बाटलीला सुटतो तसा घाम पेस्टमध्ये उतरतो. दमट हवेत उघड्या राहिलेल्या चिपा ओलावा शोषतात आणि भट्टीत त्याची वाफ होऊन लाह्यांसारख्या फुटतात. पाट्या भट्टीत असताना वीज गेली, तर तो घाणा गेलाच म्हणायचा.

या कामावर पुष्कळदा आपल्या मुली-सुना असतात. जुन्या डाखातले शिसे धुरातून फारसे जात नाही. ते न धुतलेल्या हातांनी डब्यातल्या पोळीबरोबर पोटात जाते. धूर असतो तो मुख्यतः राळेचा, आणि तो वर्षानुवर्षे छातीत गेला तर दमा जडू शकतो. नव्या डाखातही राळ असतेच. धूर खेचणारा पंखा आणि जेवणाआधी साबण, एवढ्यावर हे टळू शकते. पण पंख्याने उत्पादन वाढत नाही, म्हणून खरेदीच्या यादीत तो शेवटी येतो.

यात आम्ही बँकवाले निर्दोष नाही. माल वाढवणाऱ्या यंत्राला आम्ही तत्परतेने कर्ज दिले. माल तपासणाऱ्या यंत्राला 'यातून उत्पन्न काय?' असे विचारले. चिपेखालचा जोड डोळ्यांना दिसत नाही, त्याला क्ष-किरण यंत्र लागते. ते प्रत्येकाला परवडणार नाही. पण औद्योगिक वसाहतीत एक सामाईक यंत्र ठेवता येईल. आयटीआयमध्ये डाख लावण्याइतकाच तो पारखायला शिकवता येईल. सरकारी सवलत नुसत्या विक्रीवर न मोजता, परत किती माल आला हेही पाहता येईल.

त्या कर्जदाराचा कारखाना दोन वर्षांत बंद झाला. वसुलीच्या कागदांवर सही माझीच होती. त्याला भांडवल कमी पडले, असा शेरा मी लिहिला. खरे तर कमी पडला होता तो कोरड्या गोदामाचा खर्च, आणि तो मी त्याला कधी विचारलाच नव्हता.