यादी पाड्याने करावी

2018 च्या नोव्हेंबरात धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हादरायला लागली, तेव्हा मी जवळच्याच एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. मी चारोटीची, जातीने वारली. घरात हिरवा आणि हिमाय हे देव, चैतात महालक्ष्मीची जत्रा. चर्चशी माझा संबंध नाही. तरीही चर्चमधून येणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल लिहावंसं वाटतं, कारण त्यांच्याविषयी बोलणारे बहुतेक लोक पाड्यावर कधी आलेले नसतात.

आमच्याकडचा भूकंप किल्लारीसारखा नव्हता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत जे व्हायचं ते काही सेकंदांत होऊन गेलं आणि हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. डहाणू-तलासरीत महिनोन्महिने हादरे येत राहिले. कधी दिवसातून अनेकदा, कधी आठवडाभर काहीच नाही. हादऱ्याच्या आधी जमिनीच्या पोटातून सुरुंग फुटल्यासारखा आवाज यायचा, आणि पोरांना धक्क्यापेक्षा त्या आवाजाची धास्ती जास्त. 1 फेब्रुवारी 2019 ला दुपारी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. घराबाहेर पळताना हळदपाड्यात दोन वर्षांची मुलगी गेली. त्याच वर्षी जुलैत, भर पावसात घर कोसळून एक माणूस गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने यंत्रं बसवली. जमिनीत मुरलेल्या पावसाच्या पाण्याशी या धक्क्यांचा संबंध असावा, असं शास्त्रज्ञांनी पुढे मांडलं.

थंडीत माणसं उघड्यावर झोपली. प्रशासनाने तंबू दिले, एनडीआरएफचे जवान आले, शाळा मांडवाखाली भरू लागल्या. पहिल्या पंधरवड्यात इतकी ताडपत्री आणि इतकी बिस्किटं आली की ठेवायला जागा नव्हती. मग बातमी शिळी झाली आणि गाड्या थांबल्या. हादरे थांबले नव्हते.

त्या थांबलेल्या काळात आमच्या पाड्यावर येत राहिली ती वसईकडच्या एका चर्चची पाच-सहा माणसं. त्यांच्यात एक सुतार होता. तो घराघरात जाऊन वर बघायचा. आढं मेढीवर नुसतं टेकलेलं असलं की तारेने आवळून बांधून द्यायचा. कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली आमची जुनी घरं हलकी. ती हलतात, पण माणसाला मारत नाहीत. भीती होती ती घरकुल योजनेत उभ्या राहिलेल्या विटांच्या भिंतींची, कारण कितीतरी भिंतींना दाराच्या वरून जाणारा काँक्रीटचा पट्टाच नव्हता. सुताराने अशा घरांत पहिलं काम काय केलं असेल, तर झोपायची जागा भिंतीपासून हलवली आणि माळ्यावरची जड भांडी, जातं, लोखंडी पेटी खाली जमिनीवर आणून ठेवली. पैशाचा खर्च शून्य. हे काम करायला अभियंता लागत नाही, पण प्रत्येक घरात शिरून म्हातारीशी बोलत बसायची तयारी लागते. तो घरी बोलायचा कादोडी, आमच्या आजीबाई वारली, आणि दोघांचं एकमेकांना बरंच कळायचं.

दुसरी एक मुलगी होती, नर्सिंग शिकणारी. ती मुलांना घेऊन मांडवात बसायची. शाडूची माती, खडू, जुने कागद. माझ्या वर्गातला एक दुसरीचा मुलगा छताखाली यायलाच तयार नव्हता. तिने त्याला आत ओढलं नाही, ती स्वतः त्याच्याजवळ उन्हात जाऊन बसली. तो मातीची घरं करायचा आणि मुठीने चेपायचा, पुन्हा करायचा, पुन्हा चेपायचा. तिने एकदाही ‘असं करू नको’ म्हटलं नाही. पावसाळ्यापर्यंत तो वर्गात बसू लागला.

पुढे मला कळलं की हे शिस्तीने शिकवलं जाणारं काम आहे. अमेरिकेतल्या ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या छोट्या पंथाने 1980 पासून संकटाच्या छावण्यांत मुलं सांभाळणारे स्वयंसेवक तयार केलेत. 25 तासांचं प्रशिक्षण, माणसाची पार्श्वभूमी तपासून मगच निवड, आणि खेळण्यांची एक पेटी. हे वाचताना मी थांबले, कारण हा पंथ आमच्या भागाला परका नाही. छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, याच पंथाचे मिशनरी वलसाडला अनाथ पोरं सांभाळत होते आणि नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी डहाणूत ठाणं केलं, दवाखाना चालवला. तलासरीत जेझुइटांचं ज्ञानमाता सदन आहे. ही मंडळी आपत्तीपुरती येणारी नाहीत, इथे त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत.

आता जो प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, तो मी मोठ्याने घेते. ‘ही माणसं पोरं बाटवायला येतात.’ पाड्यावर हा संशय खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. आमच्या पाड्यांत काही घरं चर्चमध्ये जातात, बाकीची जात नाहीत. लग्नात, मयतात, देव बसवताना त्यावरून ताण होतो. भाऊ भावाकडे जेवत नाही अशी घरं मला माहीत आहेत. अशा पाड्यात टेम्पो आला आणि पहिली ताडपत्री ओळखीच्या घराला गेली, तर देणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी पाडा फाटतो. ओळखीचं घर तेवढं चर्चला जाणारंच असतं, म्हणून ताडपत्री आधी तिकडे जाते, इतकी साधी गोष्ट. पण ती साधी गोष्ट वर्षानुवर्षं आठवणीत राहते.

याला उत्तर आहे, आणि ते चर्चच्या मंडळींनी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. 1994 मध्ये रेडक्रॉसबरोबर ज्या संस्थांनी मदतकार्याची आचारसंहिता बनवली, त्यांत कॅरिटास आणि जागतिक चर्च परिषदही होती. मदतीचा वापर कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी होणार नाही, हे तिचं एक कलम. आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 61 सांगतं की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. म्हणून माझं चर्चच्या स्वयंसेवकांना सांगणं स्पष्ट आहे: वाटपाच्या जागी फलक नको, वाटपाआधी प्रार्थना नको, ताडपत्री हातात धरलेल्या बाईचा फोटो नको. तुमची प्रार्थना तुम्ही पहाटे करून निघा. आमच्या पाड्यावर आलेल्यांनी हे पाळलं, म्हणून त्यांना कोणी अडवलं नाही.

आणि संशय घेणाऱ्यांनाही माझं तितकंच स्पष्ट सांगणं आहे. मदत घेणाऱ्याचा धर्म विचारू नये हे तुम्हाला पटतं, तर देणाऱ्याचाही विचारू नका. काय काम केलं, किती दिवस टिकले, कोणाच्या दारात गेले नाहीत, हे विचारा. या कसोटीवर चर्चच्या टोळीला नापास करायचं असेल तर जरूर करा, पण मग मंडळांना, पक्षांच्या युवक आघाड्यांना आणि कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांनाही तीच कसोटी लावा. हायवेवर गाडी उभी करून बिस्किटांचे पुडे उधळणारे मी सगळ्या रंगांच्या टोप्यांत पाहिलेत.

पण नुसत्या चांगुलपणाच्या भरवशावर हे सोडता येणार नाही. डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, इथे 1996 चा पेसा कायदा आहे, पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घेता येते. मग आपत्तीच्या वेळी मदतीची यादी बाहेरून येणाऱ्याने का करावी? कोणाचं घर पडायला आलंय, कोणती म्हातारी एकटी आहे, कोणाची सून बाळंत झालीय, हे पाड्याला तोंडपाठ असतं. यादी पाड्याने करावी, ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, शाळेच्या भिंतीवर लावावी, आणि जो कोणी येईल, चर्चचा असो वा मठाचा, त्याने त्या यादीच्या क्रमानेच काम करावं. असं झालं तर पहिली ताडपत्री कोणाला, हा वादच राहत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 30 मध्ये जिल्हा प्राधिकरणाने तळागाळातल्या स्वयंसेवी संस्थांना सहभागी करून घ्यावं असं म्हटलं आहे. सरकारच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना 12 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यात पाड्यावरच्या पोरापोरींबरोबर वसई-तलासरीच्या चर्चमधल्या तरुणांनाही बोलवावं. त्यांची नावं, फोन, कोणाला सुतारकाम येतं, कोणाला गवंडीकाम, कोण मुलं सांभाळू शकतं, हे पंचायतीच्या वहीत आधीच लिहिलेलं असावं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा चिकूच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कौलं उडाली. त्या दिवशी ही वही हातात असायला हवी होती.

वही सुरू करायला वरून आदेश यावा लागत नाही. 1 मेच्या ग्रामसभेत विषय मांडायचा, ठराव करायचा, आणि पावसाळ्याआधी त्या सुताराला आणि त्याच्यासारख्यांना बोलवून विटांची सगळी घरं एकदा वरपासून खालपर्यंत तपासून घ्यायची. आमच्या पाड्याच्या यादीत अशी कोणती घरं आधी येतात, ते सांगायला मी ग्रामसभेत हजर असेन.