विश्लेषण : कॅमेरा स्वस्त झाला, पडदा नाही!

आसाममधील छायगावच्या रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ स्वतःच लिहिला, दिग्दर्शित केला, चित्रित केला, संकलित केला. निर्मातीही त्याच. चित्रपट शिक्षणाची पदवी नाही, मोठे युनिट नाही, कलाकार गावातलीच मुले. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ऑस्करसाठीही भारताने तोच पाठवला. तेव्हापासून ‘एक डिजिटल कॅमेरा असला की झाले’ हे वाक्य चित्रपटाचे वेड लागलेल्या प्रत्येक तरुणाला ऐकवले जाते. ते अर्धेच खरे आहे.

नेमके काय स्वस्त झाले?

चित्रीकरण. पूर्वी निगेटिव्हचे रीळ, प्रयोगशाळेतील प्रक्रिया आणि प्रत्येक चित्रपटगृहासाठी वेगळी प्रिंट, हा खर्च टळत नसे. आता मेमरी कार्ड पुसून पुन्हा वापरता येते. पण ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चे चित्रीकरण तुकड्यातुकड्याने काही वर्षे चालले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तेवढी वर्षे घर कोणी चालवायचे? कॅमेऱ्याचे भाडे वाचले, पोटाचा खर्च वाचला नाही. म्हणूनच बहुतेक स्वतंत्र दिग्दर्शक लग्नाचे व्हिडीओ, कंपन्यांच्या जाहिरातफिती, संकलनाची किरकोळ कामे करतात आणि उरलेल्या दिवसांत स्वतःचा चित्रपट.

अडते कुठे?

चित्रपट तयार झाल्यावर. सेन्सॉरचे प्रमाणपत्र, प्रसिद्धी आणि डिजिटल प्रक्षेपणासाठी निर्मात्याकडून घेतली जाणारी ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ हे सगळे भरून मल्टिप्लेक्समध्ये मिळतो तो आडवेळेचा खेळ. नोकरदार प्रेक्षक त्या वेळी येणार कसा? मग ‘मराठी प्रेक्षकच नाही’ असे म्हणायला सगळे मोकळे!

यूट्यूबवर टाकावा, तर तिथला हिशेब वेगळाच. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे ही अट. त्यानंतर मोठ्या व्हिडीओच्या जाहिरात उत्पन्नातील ५५ टक्के निर्मात्याला. हे गणित दर आठवड्याला काहीतरी टाकणाऱ्यासाठी आहे. तीन वर्षांत एक चित्रपट करणाऱ्यासाठी नाही.

उरतो महोत्सवांचा रस्ता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स निधीची मदत होती, २०१४ मध्ये व्हेनिसला तो गौरवला गेला. त्यांचा पुढचा चित्रपट, ‘द डिसायपल’, आला २०२० मध्ये. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ मध्ये सनडान्सचे ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावले. अभिमान वाटावा असेच हे यश, पण त्याच्या भरवशावर कारकीर्द आखणे म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर कर्ज काढण्यासारखे.

या चर्चेत मालेगाव विसरले जाते. तिथे नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी साध्या व्हिडीओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. महोत्सव, निधी, ओटीटी यांपैकी काही नव्हते. होती ती गावातली व्हिडीओगृहे आणि यंत्रमागावरून सुटून तिथे येणारा कामगार. म्हणजे पडदा आणि प्रेक्षक आधीपासून होता, चित्रपट नंतर आला. डिजिटल क्रांतीच्या गप्पांत नेमका हाच क्रम उलटा होतो.

राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर. छोट्या निर्मात्याला त्याहून जास्त गरज आहे ती दाखवण्याच्या जागेची. तालुक्यांच्या ठिकाणची कितीतरी नाट्यगृहे आठवड्यातील बरेच दिवस कुलूपबंद असतात. तिथे चांगला प्रोजेक्टर बसवून, परवडणाऱ्या तिकिटात, संध्याकाळी सातचा एक खेळ अशा चित्रपटांसाठी राखून ठेवायला नवा कॅमेरा लागत नाही.