तळ्याविना बतुकम्मा कसली?

हैदराबादेतल्या बाग अंबरपेठेत बतुकम्मा कुंटा नावाचे तळे आहे. १९६२-६३च्या सरकारी नोंदींत त्याचा पसारा सुमारे चौदा एकरांचा होता. शहर वाढत गेले, भराव पडत गेला आणि अखेरीस जेमतेम पाच एकर जागा उरली, तीही झाडझाडोरा आणि राडारोड्याखाली. त्या उरल्या जागेवरही खासगी मालकीचा दावा लागला, प्रकरण न्यायालयात गेले. २०२५च्या फेब्रुवारीत हायड्रा या सरकारी यंत्रणेने खोदाईला हात घातला, तर अवघ्या काही फुटांवर पाणी लागले. त्याच वर्षी बतुकम्मा या तेलंगणच्या फुलांच्या सणाच्या दिवसांत, २८ सप्टेंबरला, तळे लोकांसाठी खुले झाले.

यावर शिकलेल्या माणसांत एक मत हमखास ऐकू येते. तळे वाचवणे हे नागरी काम आहे, त्यात देवाधर्माचा काय संबंध? लोकश्रद्धा हा अडाणी काळाचा अवशेष. शहाण्या समाजाने तळी राखावीत आणि सण सोडून द्यावेत, असे हे मत. याच्या अगदी उलट टोकाला सणाचे कैवारी उभे असतात. बतुकम्माची फुले पाणी शुद्ध करतात, म्हणजे आमचे पूर्वज वैज्ञानिकच होते, असे ते छातीठोकपणे सांगतात. मला ही दोन्ही मते अमान्य आहेत.

आधी कैवाऱ्यांचे पाहू. मूठभर तरवडाने आणि कुरडूने सांडपाण्याचे तळे निर्मळ होत असते, तर शहराच्या मधून वाहणाऱ्या मुसी नदीची आजची दशा झाली नसती. मुळात असा आधार शोधणे म्हणजे प्रतिपक्षाची कसोटी मुकाट्याने मान्य करणे. प्रयोगशाळेने मान डोलावली तरच आईचा सण खरा ठरणार असेल, तर उद्या प्रयोगशाळेने नकार दिल्यावर तो सोडून देणार का? श्रद्धेची किंमत दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि ती फुलांची बतुकम्मा रचली जाते तिथे डोळ्यांना दिसते.

ताटात भोपळ्याची पाने अंथरतात. त्यावर तरवडाच्या पिवळ्या फुलांचे कडे, मग रंगात बुडवलेले कुरडूचे तुरे, मग झेंडू, मग शेवंती. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा आखूड, देठ आत वळवलेले, म्हणून शिखर उभे राहते. माथ्यावर हळदीची गौरम्मा. भाद्रपद अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बायका तिच्याभोवती फेर धरतात, टाळ्या वाजवत वाकतात, गातात. शेवटच्या दिवशी तिला पाण्यात सोडून मलीदा वाटतात. आपल्या भोंडल्या-हादग्याच्या फेराशी याचे नाते सांगायला पंडित लागत नाही. १९५६पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच राज्यात नांदले. देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात दोन्ही भाषा आजही शेजारी राहतात.

या सणाला रानातली फुले लागतात, मोकळा काठ लागतो, पाणी लागते आणि बायकांना एकत्र जमायची मुभा लागते. यांतले एकही वजा केले तर सण उणा होतो. म्हणजे हा सण दरवर्षी गावाला विचारतो: आमचे तळे कुठे आहे? हेच त्याचे मोल. ज्या जागेवर दरवर्षी हक्काने यायचे असते, ती गिळंकृत झाली की कोणाला तरी बोचते. महसुली दप्तराला बोचत नाही.

आक्षेपक इथे अडवतील, आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही: श्रद्धा होती, तरी कुंटा बुजलाच ना? बुजला. श्रद्धा एकटी तळे राखत नाही. त्याला कायदा, मोजणी, न्यायालय आणि फावडे लागते. पण राखावे असे वाटण्याचे कारण ती देते, आणि कारणाशिवाय कायदा फायलीत पडून राहतो. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली बारा ग्रामसभांनी आपल्या नियमराजा या देवाचा डोंगर खाणीला द्यायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हा अधिकार आधीच मान्य केला होता. न्यूझीलंडने २०१७ साली वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला, कारण माओरी लोकांनी तिला पूर्वज मानणे पिढ्यान्‌पिढ्या सोडले नव्हते. आपल्याकडे देवाच्या भीतीने राखलेल्या देवराया माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अभ्यासल्या. तिथेही जंगल उरले होते ते देवाच्या नावावर.

म्हणून सगळेच पवित्र, असे मी म्हणत नाही. देवीच्या नावाने मुलगी जोगीण म्हणून सोडण्याची प्रथा १९८८च्या कायद्याने बंद केली, ते योग्यच झाले. तेलंगणातल्या देवीच्या बोनालू सणात असो की आपल्या मरीआईच्या जत्रेत, माणसाचा देह आणि मान ज्याने दुखावतो ते गेलेच पाहिजे. पण रोगट फांदी छाटणारा माळी झाड उपटत नाही.

आणि सरकारला एक सांगणे आहे. बतुकम्मा २०१४पासून राज्याचा सण आहे. अंबरपेठेतले तळे खुले झाले त्याच सुमारास सरूरनगरच्या स्टेडियममध्ये विक्रमासाठी ६३ फुटी बतुकम्मा उभारली गेली. गर्दी दिसली, कॅमेरे दिसले. पण स्टेडियममध्ये बतुकम्मा सोडायला पाणी नसते, आणि विक्रमाच्या आकड्याने एकाही वस्तीला काठ मिळत नाही. संस्कृती जपायचीच असेल तर हैदराबादेतल्या प्रत्येक पेठेतल्या तळ्याची हद्द मोजा, त्यात येणारे सांडपाणी अडवा, काठावर दिवा आणि पायऱ्या द्या. गाणी बायकांना पाठ आहेत, ती त्यांना कोणी शिकवायला नको.