मुक्या सोबत्याचा प्रवास

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांतील धर्मराजाची कथा आमच्या वाचकांच्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असेल. इंद्राचा रथ समोर उभा असतां, मागें आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गास जाण्याचें त्यानें नाकारलें. ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां शिकविली याची गणती नाहीं. तिचा अर्थ मात्र निवृत्तीनंतर, कळंबच्या देवळाबाहेर, कळला.

एका वैशाखांत आम्ही सहकुटुंब यवतमाळहून कळंबास चिंतामणीच्या दर्शनास निघालों. नातवाच्या हट्टानें मोतीहि मोटारींत बसला. देवळापाशीं पोंचतांच प्रश्न निघाला, मोतीजवळ कोण थांबणार? "दहा मिनिटांचें काम. कांचा किंचित् उघड्या ठेवा, म्हणजे झालें," असें आम्हींच सांगितलें. पण रांग लांबली. परत येऊन पाहतों तों मोती जीभ बाहेर टाकून आडवा पडलेला; हांक मारली तरी मान उचलीना. त्यास सावलींत आणून अंगावर पाणी ओतलें, पुठ्ठ्यानें वारा घातला आणि ओल्या अंगानेंच पशुवैद्याकडे नेलें. मोती वांचला. रात्रीं नातू एवढेंच म्हणाला, "आजोबा, त्याला बोलतां आलें असतें, तर मला घरींच ठेवा असें तो म्हणाला असता." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. मुख्यतः धापा टाकूनच तो शरीराची उष्णता बाहेर घालवितो. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींतील हवा दहा मिनिटांत सुमारें १० अंशांनीं तापते, आणि कांच बोटभर उघडी ठेवल्यानें विशेष फरक पडत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हां आंत काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

म्हणून, मुका प्राणी बरोबर न्यावयाचाच असेल तर पहांटे निघावें. निघण्यापूर्वीं तीन-चार तास त्यास पोटभर खावयास घालूं नये. पाणी मात्र मधून मधून द्यावें. दर दोन तासांनीं गाडी थांबवून त्याचे पाय मोकळे करावे. खिडकीबाहेर डोकें काढूं देऊं नये. गळपट्ट्यावर आपला दूरध्वनि-क्रमांक लिहावा, व रेबीजची लस वेळेवर टोंचल्याचा दाखला जवळ ठेवावा. मांजर मात्र झांकणाच्या हवेशीर टोपलींतच न्यावें.

दूरच्या रेल्वेप्रवासासाठीं आम्हां यवतमाळकरांस बहुधा धामणगांव किंवा वर्धा गांठावें लागतें. तेथें ध्यानांत ठेवावें कीं, शयनयानांत कुत्र्यास नेतां येत नाहीं. प्रथम वर्गांतील संपूर्ण कक्ष आपल्यासाठीं राखला असेल तर तो बरोबर राहूं शकतो. एरवीं त्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील पेटींत होते, आणि अन्नपाण्याची जबाबदारी आपलीच असते. विदर्भाच्या उन्हाळ्यांत दिवसा त्या पेटींत कोणत्याहि कुत्र्यास कोंडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तसेंच पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यांत वाघ पाहण्यास जाणारांनीं कुत्र्यास बरोबर घेऊंच नये. डिस्टेंपरसारखे त्याचे रोग वन्य पशूंस लागतात.

सर्वांत उत्तम उपाय एकत्र कुटुंबांत आयताच असतो. प्रवासास सगळेंच घर जात नाहीं. मागें राहणारांपैकीं एकानें पाळीव प्राण्याचें खाणेंपिणें पाहावें, आणि पुढल्या खेपेस पाळी बदलावी. सगळ्यांनाच जाणें असेल, तर ज्याच्या हातचें तो खातो अशा शेजाऱ्यास आठ दिवस आधीं विचारावें.

त्या दिवसापासून आमच्या घरीं सहलीचा बेत ठरतांना पहिला प्रश्न नातू विचारतो, "मोतीजवळ कोण?" त्याचें उत्तर मिळेपर्यंत सामानाची बांधाबांध होत नाहीं.