घरच्या कॉम्प्युटरची किल्ली कुणाकडे?

शिलाई मशीनची सुई मोडली तर आपण काय करतो? डबीतली दुसरी सुई काढतो, स्क्रू सैल करतो, सुई बसवतो आणि पुढचा पायजमा शिवायला घेतो. कुकरची रिंग सैल झाली, मिक्सरचं भांडं गळायला लागलं, गॅसचा बर्नर चोंदला, तर आधी स्वतःच खटपट करून पाहतो. नाहीच जमलं तर मग दुरुस्तीवाला. पण घरातला कॉम्प्युटर सुरू झाला नाही की मात्र आपले हातपाय गळतात. "अहो, जरा बघता का?" नाहीतर "बाळा, तू आलास की बघ रे!" आणि बाळ पुण्याला असेल तर थेट दुकान.

मीही याला अपवाद नव्हते. चार-पाच वर्षांपूर्वी आमचा लॅपटॉप एके दिवशी निळा पडदा दाखवून बंद पडला. दुकानात नेला. तिथल्या मुलाने विचारलं, "काकू, फॉरमॅट मारावा लागेल. मारू ना?" मला वाटलं, फॉरमॅट म्हणजे सर्व्हिसिंगसारखं काहीतरी असणार. मी म्हटलं, "मार बाबा, पण संध्याकाळपर्यंत दे." पाचशे रुपये दिले आणि चकचकीत लॅपटॉप घेऊन घरी आले. उघडून बघते तर काय, सगळं रिकामं!

बाकी फोटो नातेवाइकांकडून मागून मिळाले. पण माझ्या सासूबाईंनी जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करून त्या लॅपटॉपमध्ये ठेवल्या होत्या. मोबाइल बदलला, लॅपटॉप पुसला गेला आणि तोपर्यंत सासूबाईही गेल्या होत्या. त्या ओव्या आता कुठेच नाहीत. त्या मुलाला दोष देऊन काय उपयोग? त्याने विचारलं होतं. मला प्रश्नच कळला नव्हता.

पुढे कितीतरी महिन्यांनी भाची सुट्टीला आली. तिला हे सांगितलं तर ती हळहळली. "मामी, हार्ड डिस्क चांगली होती ना? मग आधी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून सगळं काढून घेता आलं असतं गं!" त्या दिवशी मी ठरवलं, हा काय प्रकार आहे तो शिकायचाच.

प्रकार तसा सोपा आहे. आपण कॉम्प्युटरचं बटण दाबतो तेव्हा आतला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो शोधत निघतो, की विंडोज किंवा लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मुख्य प्रणाली, कुठे ठेवली आहे? एरवी ती हार्ड डिस्कवर सापडते. पण आपण त्याला सांगू शकतो, की आज तिकडे जाऊ नकोस, या पेनड्राइव्हवर बघ. अशी प्रणाली ज्यावरून सुरू होऊ शकते तो बूटेबल पेनड्राइव्ह. यातला 'बूट' हा आपल्या पायातलाच बरं का! स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच उभं करायचं, अशा अर्थाचा इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, त्यावरून हा शब्द आला.

पूर्वी हे काम फ्लॉपीवर आणि मग सीडीवर होत असे. फ्लॉपीवर मिळणारं विंडोज ९५ तर १३ फ्लॉपींचं होतं, एकीमागून एक घालत बसायचं. आता आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह पुरतो.

बचत गटाच्या लॅपटॉपमुळे हे करून बघायची वेळ आलीच. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या अपडेटसाठी एका वर्षाची मुदतवाढ दिली, पण तीही नाव नोंदवणाऱ्यांनाच. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नव्या व्हायरसपासून रक्षण करणारी ठिगळं मिळत नाहीत. विंडोज ११ घालावं म्हटलं तर त्याला ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्या लॅपटॉपमध्ये ती नव्हती. दुकानात सांगितलं, "ताई, हे भंगार झालं. नवीन घ्या, चाळीस हजारांपर्यंत बसवून देतो." चाळीस हजार! बायकांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून जमवलेले पैसे ते. की-बोर्ड चालतोय, पडदा चालतोय, मग भंगार कसं?

भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "लिनक्स मिंट घालून बघ. फुकट आहे." मिंट २००६ पासून मिळतंय आणि २००४ साली आलेल्या उबुंटूवर ते आधारलेलं आहे. या दोन्हींच्या मुळाशी असलेलं लिनक्स १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलं. आपल्याकडे सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे आणि केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. म्हणजे हे काही फक्त इंजिनिअरांचं खेळणं नाही.

मी काय केलं ते सांगते. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ नावाची फाइल उतरवून घेतली. तीन जीबीच्या आसपास असते, तेव्हा रात्री लावून झोपलेलं बरं. मग ती पेनड्राइव्हवर कॉपी केली, लॅपटॉपला लावली आणि काहीच झालं नाही! भाची हसायला लागली. आयएसओ म्हणजे घट्ट बांधलेलं गाठोडं. ते तसंच नेऊन ठेवलं तर उपयोग नाही, सोडून आतलं सामान जागच्या जागी लावावं लागतं. त्यासाठी रुफस नावाचा एक इवलासा मोफत प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. त्यात आपला पेनड्राइव्ह निवडायचा, आयएसओ निवडायची आणि स्टार्ट म्हणायचं. तो आधी बजावतो, की पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. हे गमतीवारी घेऊ नका. मुलीच्या लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी वापरू नका आणि दुसरे पेनड्राइव्ह त्या वेळी काढून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत माझं काम झालं.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला की लगेच एक ठरावीक बटण दाबायचं. बऱ्याच डेल आणि लिनोव्होला एफ-१२, एचपीला एफ-९. ते पटकन दाबायला हवं. मला तिसऱ्या खेपेला जमलं. मग यादी आली, त्यात पेनड्राइव्ह निवडला, आणि थोड्या वेळाने मिंटचा पडदा समोर! गंमत म्हणजे तोवर लॅपटॉपमधल्या एकाही गोष्टीला हात लागलेला नव्हता. याला 'लाइव्ह' वापर म्हणतात. साडी दुकानात नुसती अंगावर टाकून बघतो ना, तसं. इंटरनेट चालतंय का, आवाज येतोय का, मराठी टाइप होतंय का, सगळं तपासा. नाही आवडलं तर बंद करा, पेनड्राइव्ह काढा, जुनं विंडोज जसंच्या तसं.

आणि याच पडद्यावरून हार्ड डिस्कच्या आतल्या फाइली दिसतात, दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतात. म्हणजे विंडोज बिघडलं असलं तरी फोटो, हिशेब आणि हो, ओव्यासुद्धा वाचवता येतात. डिस्क कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकर लावलेली असेल, तर त्याचा रिकव्हरी नंबर लागतो, तो आजच वहीत लिहून ठेवा. आणि डिस्कमधूनच खडखड आवाज येत असेल तर खटपट न करता बंद करून जाणकाराकडे न्या.

मी गटाच्या सगळ्या फाइलींच्या दोन प्रती काढल्या आणि मगच 'इन्स्टॉल'वर क्लिक केलं. सगळं गोड गोड झालं असं मी म्हणणार नाही. प्रिंटर पहिले दोन दिवस रुसून बसला होता. इतिवृत्तं जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये होती, ती उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसली, फॉन्ट घालावा लागला. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो त्यांनी तर घाई करूच नये, ते लिनक्सवर सरळ चालत नाही. पण आमचे हिशेब, पत्रं, ऑनलाइन अर्ज, सगळं आता त्याच 'भंगार' लॅपटॉपवर होतं. चाळीस हजार गटातच राहिले आणि त्यातून एका ताईंना पिठाची गिरणी घ्यायला कर्ज देता आलं.

ज्यांना विंडोजच हवं त्यांनी विंडोजच ठेवावं. त्याचाही पेनड्राइव्ह बनवायचं साधन कंपनीच्या वेबसाइटवर मोफत मिळतं. लॅपटॉपसोबत विंडोज विकत घेतलं असेल तर त्याचा परवाना बहुधा लॅपटॉपमध्येच नोंदलेला असतो, तीच आवृत्ती पुन्हा घालायला पुन्हा पैसे लागत नाहीत. मग कुणाकडून चोरीची कॉपी घालून का घ्यायची? लिनक्स की विंडोज, हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा आहे तो किल्लीचा.

काहीजणी म्हणतील, "कशाला ही डोकेदुखी? पाचशे रुपयांत दुकानदार करून देतो की!" देतो ना, आणि त्याचंही पोट आहे. मदरबोर्ड जळला तर मीही त्याच्याकडेच जाणार. पण आपले फोटो, आधारची प्रत, बँकेची कागदपत्रं, घरातल्या माणसांचे आवाज असलेली वस्तू आपण कुणाच्यातरी हाती देतो आणि तो विचारतो, "मारू का फॉरमॅट?" तेव्हा निदान 'नको, आधी मला माझं सामान काढू दे' एवढं म्हणता यायला हवं. घराची किल्ली आपण शेजारणीकडे ठेवतो, पण एक आपल्या पर्समध्येही असतेच ना?

आपल्यातल्या कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केलंय. सर्टिफिकेट फाइलला लावून ठेवलंय आणि कॉम्प्युटर मात्र मुलाच्या खोलीत, त्याचा पासवर्ड मुलाच्या डोक्यात. 'आई, तू हात लावू नकोस, बिघडेल,' हे आपण वर्षानुवर्षं ऐकून घेतो. बिघडला तर दुरुस्त कसा करायचा हे माहीत असलं, की ही भीतीच राहत नाही.

येत्या दिवाळीत माळा आवरताना जुना लॅपटॉप सापडला तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एक पेनड्राइव्ह घेऊन बसा. मुलीलाही सोबत घ्या. पहिल्यांदा नाही जमणार, बटण चुकेल, यादी दिसणार नाही. पहिली पुरणपोळी तरी कुठे फुटल्याशिवाय जमली होती? पेनड्राइव्ह तयार झाला की त्याला चिठ्ठी लावून शिलाईच्या सुयांच्या डबीत ठेवा. माझा तिथेच आहे.