‘काही विशेष नाही’ म्हणणारीचं काय?

गेल्या जानेवारीत पुण्यातल्या एका कंपनीत कार्यशाळेसाठी गेले होते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीवर एक सदस्य बाहेरची लागते, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली. या कंपनीत ती बाहेरची म्हणजे मी. तक्रारींबद्दल बोलायला कायद्यानेच मनाई आहे, आणि ते मी बोलणारही नाही. सांगायचंय ते कार्यशाळा सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल.

वीस-बावीस जण लांबलचक टेबलाभोवती बसलेले. एचआरमधली पंचविशीतली मुलगी उत्साहाने उभी राहिली. ‘‘चला, आधी एक आइसब्रेकर घेऊ या! या शनिवार-रविवारी तुम्ही केलेली सगळ्यात भन्नाट गोष्ट कोणती? प्रत्येकाने एका वाक्यात!’’ कोणी राजगडावर जाऊन आलं होतं, कोणी एका बैठकीत अख्खी वेब सिरीज संपवली होती. एकाने सांगितलं, ‘‘मी घरच्यांसाठी पोहे केले.’’ तर चक्क टाळ्या पडल्या! मग एका पस्तिशीच्या बाईंची पाळी आली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘काही विशेष नाही.’’ पाळी पुढे सरकली. पुढच्या दोन तासांत त्या बाई एक अक्षरही बोलल्या नाहीत.

चहाच्या वेळी बेसिनपाशी त्याच भेटल्या. आपणहून म्हणाल्या, ‘‘मॅडम, सासूबाई अंथरुणावर आहेत. सांभाळणारी बाई शनिवार-रविवार येत नाही. दोन्ही दिवस त्यांचं सगळं मीच करते. आता हे काय मीटिंगमध्ये सांगायचं? एप्रिलमध्ये अप्रेझल आहे.’’

त्यांचं गणित मला लगेच कळलं. पोहे करणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि सासूची सेवा करणारीच्या नावापुढे साहेबांच्या मनात एक बारीकशी फुली पडते: हिला घरचं फार आहे, नवा प्रोजेक्ट नको द्यायला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे ‘सुट्टीत काय केलं’ हा प्रश्न सगळ्यांना एकच वाटला, तरी पुरुषाला आणि बाईला तो एकच नसतो.

या आइसब्रेकर प्रकाराचं प्रस्थ आपल्याकडे अलीकडे फारच वाढलंय. शब्द आला तो गोठलेल्या समुद्रात बर्फ फोडत वाट करणाऱ्या जहाजावरून. आपला बर्फाशी संबंध गोळ्यापुरता! पण कल्पना परकी नाही. आपल्याकडे त्याला ‘बोलतं करणं’ म्हणतात, आणि मला विचाराल तर हा शब्द जास्त चांगला आहे. बर्फ फोडायचा म्हटलं की घाव घालणं आलं, बोलतं करण्यात समोरच्याचा कल बघणं आलं. २०२० च्या मार्चनंतर लोक घरात बसून पडद्यावर कामं करायला लागले. एकमेकांना कधी प्रत्यक्ष न पाहिलेली माणसं एका टीममध्ये आली. मग मीटिंगच्या सुरुवातीला ‘तुमच्या खिडकीतून काय दिसतं?’, ‘लहानपणी कोण व्हायचं होतं?’ असले प्रश्न आले. पुढे ऑफिसं पुन्हा भरली, पण प्रश्न राहिले. काही ठिकाणी तर ती ओळखपरेडच झालीय, पोलीस ठाण्यातल्यासारखी.

हे सगळं थेर आहे, थेट कामाला लागा, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. आमच्या घरातच एक आहेत! पण त्यांचंही मला पटत नाही. कारण सुरुवातीला तोंड उघडण्याला फार महत्त्व असतं, आणि ते कुठे कळलं तर ऑपरेशन थिएटरमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक यादी काढली. त्या कामाचं नेतृत्व केलं डॉ. अतुल गावंडे यांनी. ते अमेरिकेतले शल्यविशारद, पण त्यांचे वडील आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. त्या यादीत चीर देण्यापूर्वीची एक पायरी अशी आहे की खोलीतल्या प्रत्येकाने, अगदी नर्सनेसुद्धा, आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेलं होतं. त्याचं सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही. यादीत अँटिबायोटिक वेळेवर देण्यापासून कापसाचे बोळे मोजण्यापर्यंत बरंच काही आहे. पण ज्या नर्सने सुरुवातीला मोठ्या डॉक्टरांसमोर आपलं नाव उच्चारलं, ती पुढे ‘सर, एक बोळा कमी भरतोय’ असं म्हणायला कचरत नाही, हा त्यामागचा विचार आहे. आणि तो कोणत्याही गृहिणीला पटेल. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी कोणी काही विचारलं नाही, तर ती पुढची पाच वर्षं आमटीत मीठ जास्त झालंय हे सांगत नाही.

एमी एडमंडसन या हार्वर्डमधल्या प्राध्यापिकांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या उलट जास्त! खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी झाकून ठेवत होते. म्हणजे बोलतं करणं हा वेळेचा अपव्यय नाही. मुद्दा एवढाच की काय विचारून बोलतं करायचं.

आता आपल्याकडचं बघू या. आपला सगळ्यात जुना आइसब्रेकर म्हणजे उखाणा. हळदीकुंकवाला दारातच ‘नाव घे’ म्हणून अडवतात. अनोळखी बायका हसतात, खोली मोकळी होते, हे खरंच. मलाही उखाणे आवडतात, खोटं कशाला सांगू? पण ज्या बाईचा नवरा नाही, किंवा आहे पण तिला टाकून गेलाय, तिने कोणाचं नाव घ्यायचं? ती त्या दारात येतच नाही, किंवा कोणी बोलावतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकी गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. इतकी वर्षं एक खेळकर प्रश्न अर्ध्या बायकांना दाराबाहेर ठेवत होता, आणि आत हसणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नव्हतं.

दुसरा आपला लाडका प्रश्न ‘गाव कुठलं?’ एसटीत शेजारी बसलेल्यालाही आपण विचारतो, प्रेमाने विचारतो. पण ‘गाव कुठलं’पासून ‘आडनावावरून काही कळलं नाही’पर्यंत यायला दोन वाक्यं पुरतात, आणि मग समोरच्याला नेमकं काय हुडकायचंय ते ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं. ‘नॉनव्हेज खाता का’चंही तेच. कोणाला भाड्याचं घर नाकारताना जे प्रश्न विचारतात, तेच मीटिंगमध्ये गंमत म्हणून आले तर ऐकणाऱ्याला गंमत वाटत नाही. ‘पहिलं क्रश कोण?’ हाही एक आवडता प्रश्न आहे म्हणे. प्रश्न एकवेळ सोडून द्या. त्यावरून पुढे आठ-आठ दिवस जी शेरेबाजी चालते, ती थेट २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत जाऊ शकते. नको असलेली लैंगिक छटेची बोलणी त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत.

पुरुषांचीही यातून सुटका नाही. घटस्फोटाची केस चालू असलेल्याला ‘फॅमिली ट्रिप कशी झाली’ विचारा, बघा चेहरा. पण पुरुषाने उत्तर टाळलं तर तो मितभाषी ठरतो. बाईने टाळलं की ती शिष्ट, मिक्स होत नाही.

आमच्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या बचत गटात मी हे सगळं चुकत चुकत शिकले. पहिल्या बैठकीत मी ‘आपापलं नाव सांगा’ म्हटलं, तर उत्तरं आली, ‘मी सागरची आई’, ‘मी पिठाच्या गिरणीवाल्यांची’. मला वाटलं होतं नाव हा सगळ्यात सोपा प्रश्न! एकीला स्वतःचं नाव मोठ्याने सांगताना इतकं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला. पुढे मी ‘तुमचा छंद काय?’ विचारायला लागले. (हा छंद मला कार्यशाळांमधून लागला होता.) बायका एकमेकींकडे बघायच्या. शेवटी एक म्हातारी वैतागून म्हणाली, ‘‘ताई, छंद कसला, हप्त्याचं बोला.’’

मग एकदा सहज तोंडून गेलं, ‘‘आत्ता इथे येताना कोणतं काम अर्धवट टाकून आलात?’’ आणि बायका जी बोलायला लागल्या! धुणं, शेजारणीकडे ठेवलेलं पोर, भिजत घातलेली डाळ. अकरा जणींपैकी आठ जणींनी पाणी भरण्याचं नाव घेतलं. नळ चारला यायचा आणि आमची बैठक साडेतीनला! बायका कायम घाईत का असतात, कर्जाचे हिशेब नीट न ऐकता अंगठा का टेकवतात, हे मला सहा महिने कळलं नव्हतं. बैठक दोनवर नेली. त्यानंतर एकीने पहिल्यांदाच हिशेबाच्या वहीतली चूक काढली. चूक माझीच होती, दीडशे रुपयांची.

तो प्रश्न का चालला याचा मी पुष्कळ विचार केला. त्यात कोणाला भारी दिसायचं नव्हतं. उत्तर प्रत्येकीकडे होतं. ते द्यायला नवरा, पैसा, शिक्षण, कशाचीच गरज नव्हती. आणि मुख्य म्हणजे उत्तर ऐकून आम्ही काहीतरी बदललं. कंपन्यांमध्ये प्रश्न विचारतात, हसतात आणि ‘ओके, नाऊ लेट्स स्टार्ट’ म्हणतात. उत्तराचं पुढे काय झालं?

हे सगळं मी आत्ताच का लिहितेय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यात स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांत संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाआधीही काम करता येईल, अशी तरतूद आहे, मात्र त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींसह. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांना २०१७ च्या कायद्याने रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी अशीच संमतीची अट आधीपासून होती. संधी म्हणून मी याचं स्वागतच करते. रात्रपाळीमुळे ज्यांची बढती अडकत होती अशा मुली मला माहीत आहेत. शहरांत पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी जेमतेम २८ टक्के, २०२३-२४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे, काम करताहेत किंवा शोधताहेत. त्यांच्यासाठी दारं उघडायलाच हवीत. पण सगळा कायदा ‘संमती’ या एका शब्दावर उभा आहे, आणि ती संमती घेतली कुठे जाते? अनेकदा टीमच्या मीटिंगमध्येच. ‘‘नाइट शिफ्टला कोणाला काही अडचण? नाही ना? ग्रेट!’’ जी बाई ‘सुट्टीत काय केलं’ला ‘काही विशेष नाही’ म्हणून गप्प बसली, ती सगळ्यांच्या देखत ‘हो, मला अडचण आहे’ म्हणेल? तिच्या गप्प बसण्याला होकार धरलं जाईल, आणि कागदावर सही तर असेलच.

कार्यशाळेनंतर त्या एचआरच्या मुलीशी मी बोलले. वाईट वाटेल अशी भीती होती, पण मुलगी समंजस. ‘‘मॅम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये पन्नास प्रश्नांची यादीच दिलीय, त्यातला एक घेते,’’ म्हणाली. मी तिला म्हटलं, घरचं, सुट्टीचं, लग्नाचं, गावाचं विचारू नकोस. ज्याला सांगायचंय तो चहाला सांगेलच. कामाचं विचार: या आठवड्यात तुझं काम कशामुळे अडलं? आज इथून किती वाजता निघायलाच हवं? उत्तर नको असेल तर ‘पुढे’ म्हणायची मुभा ठेव, आणि ती मुभा पहिल्यांदा साहेबांना वापरू दे. शिवाय साहेबांनी आधी उत्तर द्यायचं, शेवटी नाही. शेवटी बोलणारा बाकीच्यांचे मार्क देत बसतो.

तिने ते केलं म्हणे. मार्चमध्ये फोन आला तेव्हा सांगत होती, साहेबांनी पहिल्याच दिवशी ‘मला पाचला निघायचंय, मुलीची फी भरायचीय’ म्हटलं, आणि त्यानंतर चार जणांनी खऱ्या वेळा सांगितल्या. पोहेवाल्यालाही साडेपाचला आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आणि त्या बाई? ‘‘त्या ‘पुढे’ म्हणाल्या,’’ मुलगी जरा हिरमुसून म्हणाली. मी म्हटलं, म्हणू दे की. मागच्या वेळी त्यांना तेवढंही म्हणता आलं नव्हतं.

रात्रपाळीच्या संमतीचा कागद मात्र तिथे अजून सगळ्यांसमोरच टेबलावरून फिरतो. तो प्रत्येकीला वेगळा, घरी न्यायला द्यावा आणि ‘नाही’ची खूण करायलाही त्यावर चौकोन असावा, असं पत्र मी दिलंय. पोच मिळाली आहे, उत्तर यायचंय.